जवारी काढताना दिवे लागतात
आमच्या गावच्या चित्रपट महोत्सवात संगीतावरचा माहितीपट नेहमी सकाळी नऊलाच का ठेवतात? तोही शाली, नारळ आणि माहितीपटाहून लांब प्रास्ताविक आटोपल्यावर साडेदहाला सुरू होतो! ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथला कारागीर पडद्यावर जवारी काढत, म्हणजे तारांखालची घोडी घासून त्यांचा झणकार जुळवत असताना, नेमक्या कानांनीच पाहायच्या क्षणी, आवाज फक्त डाव्या कर्ण्यातून आणि तोही खरखरत यावा? तक्रार केली, तर "चित्र दिसतंय ना, काका?" हे उत्तर! संथ लयीतला विलंबित ख्याल रटाळ म्हणून भरभर पुढे पळवायचा आणि श्रेयनामावली सुरू होताच दिवे लावून जेवणाची घोषणा करायची. मग पडदा तरी कशाला बांधता, थेट पंगतच मांडा की!