आत्याच्या गोळ्या बंद करणारा मेसेज

मानेवाड्याच्या आत्याचं वजन कमी करायचं पोटाचं बायपास ऑपरेशन होऊन पावणेदोन वर्षं झाली. परवा गेले तर तिच्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा डबा फ्रिजवर मागे ढकललेला. "बंद केल्या वं मी. दोन महिने झाले, काही झालं का मला? उगाच खाऊन राहिली होती." मग मोबाइल पुढे केला. भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज: हे ऑपरेशन केलेले लोक पाच वर्षांत मरतात, वजन आणि साखर दोन्ही परत येतात, आयुष्यभराच्या गोळ्या हा कंपन्यांचा धंदा आहे, त्या फेकून द्या आणि रोज उपाशीपोटी दुधीचा रस घ्या.

आधी गोळ्यांचंच बोलते, कारण जीव तिथे अडकला आहे. बायपासमध्ये जठराचा छोटा कप्पा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. लोह आणि कॅल्शियम जिथे जास्त शोषलं जातं, तो आतड्याचा सुरुवातीचा भागच अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. बी१२ शोषायला जठरातला जो स्राव लागतो, तोही अन्नाला नीट मिळत नाही. त्यात आत्या माळकरी, बी१२ मिळणार ते दूधदह्यातूनच. म्हणून या गोळ्या जन्मभर. तो ऑपरेशनचाच भाग आहे.

आणि "दोन महिने काही झालं नाही" यातच खरी फसगत आहे. बी१२चा साठा यकृतात असतो, तो महिनोन्‌महिने, कधी वर्षंही पुरतो. तो संपत आला की तळपायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, आणि मज्जातंतूंचं नुकसान लांबलं तर पूर्ण भरून येईलच असं नाही. बी१ चं उलटं: त्याचा साठा जेमतेम काही आठवड्यांचा. ऑपरेशननंतर उलट्या थांबत नसतील आणि बी१ मिळालं नाही, तर मेंदूला इजा होते. मेसेज लिहिणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसेल, तर त्यानं लिहिलंच कशाला?

पाच वर्षांत मरतात? स्वीडनमध्ये १९८७ पासून बायपास किंवा वजन कमी करायचं दुसरं ऑपरेशन झालेल्या २,०१० जणांवर आणि तशाच लठ्ठ पण ऑपरेशन न केलेल्या २,०३७ जणांवर लक्ष ठेवलं गेलं. सरासरी जवळपास अकरा वर्षांनी न केलेल्यांत १२९ मृत्यू होते, केलेल्यांत १०१. ऑपरेशननंतरच्या पहिल्या नव्वद दिवसांत पाच जण गेले. धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही. पुढे २०२० मध्ये त्याच अभ्यासातून दिसलं की ऑपरेशन केलेले साधारण तीन वर्षं जास्त जगले. सर्वसाधारण लोकांइतकं आयुष्य मात्र त्यांनाही मिळालं नाही.

वजन आणि साखर परत येते, हे अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागेल. त्याच अभ्यासात मधुमेह असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांचा दोन वर्षांनी गेला होता, दहा वर्षांनी तो आकडा ३६ वर आला. पण ऑपरेशन न केलेल्यांत तो १३ होता, हे मेसेजमध्ये कुठे आहे? बायपासवाल्यांचं वजन थोडं वाढलं, तरी पंधरा वर्षांनीही मूळ वजनापेक्षा सरासरी २७ टक्के कमीच होतं.

दुधीनं बी१२ मिळत नाही. वर तो कडू निघाला तर रस विषारी असतो, त्यानं माणसं दगावली आहेत.

आत्याला हे सगळं सांगितलं तेव्हा ती गप्प बसली, मग म्हणाली, "मग त्या मेसेजमध्ये डॉक्टरचं नाव काहून होतं?" नाव कुणीही टाकतं, आत्या. पायाला मुंग्या नाहीत म्हणाली. डबा खाली काढून दिला, डॉक्टरांना फोन लावून दोन महिन्यांचा खंड सांगितला. उद्या सकाळी धंतोलीत तिचं रक्त तपासायला नेते आहे. बी१२, लोह, कॅल्शियम, डी, सगळंच.