हाड सांधतं, घरखर्चाचं काय?

गोव्यात अपघात झाला की पहिला प्रश्न ठरलेला: गाडी कुणाची? पाटी काळी आणि आकडे पिवळे असले की भाड्याची, म्हणजे पर्यटकाची, म्हणजे राग काढायला जागा मिळाली. मग दारू, वेग, हेल्मेट, रेंट-अ-कार बंद करा, अशी चर्चा दोन दिवस तापते आणि विझते. ऑगस्ट २०२३ मध्ये बाणस्तारीच्या पुलावर तीन जीव गेले, तेव्हा सगळं बोलणं गाडी कोण चालवत होतं याभोवतीच फिरत राहिलं. ते विचारायलाच हवं, दोषी सुटता कामा नये. पण जे वाचतात आणि पाय मोडून घरी पडून राहतात, त्यांच्या घरची चूल पुढचे सहा-आठ महिने कशावर पेटते, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. माझ्या मते अपघाताचा खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

मी फोंड्याची, बरीच वर्षं न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला राहते. इथे १ एप्रिल १९७४ पासून चूक कुणाची हे न विचारता भरपाई देण्याची पद्धत आहे. १९६७ साली वुडहाउस नावाच्या न्यायमूर्तींच्या आयोगाने सुचवलं होतं की कामावर असो, रस्त्यावर असो की घरात, अपघाताने जायबंदी झालेल्या माणसाची जबाबदारी साऱ्या समाजाने घ्यावी. ते काम आज एसीसी ही सरकारी संस्था करते. पैसा येतो कमावणाऱ्यांच्या पगारातून, मालकांकडून, गाडीच्या वार्षिक नोंदणीतून आणि पेट्रोलच्या दरातून.

माझा एक सहकारी घराच्या पन्हळीतली पानं काढताना शिडीवरून पडला. मनगट आणि खांदा दोन्ही गेले. डॉक्टरांनी तपासतानाच संगणकावर फॉर्म भरला: कुठे पडलात, कसे पडलात, काम काय करता. शिडी कुणी धरली नव्हती, हे कुणी विचारलं नाही. पहिला आठवडा त्याचा त्याने सोसला, दुसऱ्यापासून पगाराच्या ८० टक्के रक्कम खात्यात यायला लागली. फिजिओथेरपीला जायला टॅक्सी आणि घरकामाला काही तासांची बाई, हेही त्यातच. त्याच्या बायकोला कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

हे पाहताना मला सतत सावई-वेऱ्याचा आमचा पाडेली आठवत होता. मामाच्या कुळागरात नारळ पाडायला तोच यायचा. एका पावसाळ्यात दुसऱ्या कुणाच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, माडावरून घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. १०८ आली, गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, शस्त्रक्रिया झाली, पट्टी बसवली, घरच्यांना उपचाराचा म्हणावा असा खर्च आला नाही. गोव्याचं हे मोठेपण मी इथल्या लोकांना अभिमानाने सांगते. बांबोळीचं इस्पितळ आहे, २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत. उपचाराअभावी माणूस मरावा अशी स्थिती आपल्याकडे बऱ्याच अंशी राहिलेली नाही.

पण घरी आल्यावर? चार-सहा महिने खाटेवर. मामाने तांदूळ दिले, थोडे पैसे दिले, वाड्यावरच्यांनीही केलं, मग ज्याचा तो आपल्या कामाला लागला. बायको काजूच्या फॅक्टरीत जायला लागली, मोठ्या मुलाने बारावी सोडली. बँकेने खात्यातून वर्षाला २० रुपये कापून त्याचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा उतरवला होता. त्यात मृत्यूला दोन लाख, हात, पाय किंवा डोळा कायमचा गेला तर एक लाख. सांधलेल्या हाडाला काहीच नाही. तो आज चालतो, जरा लंगडतो, एवढंच. माडावर चढणं मात्र संपलं, आणि त्याची सगळी कमाई माडाच्या शेंड्यावरच होती.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राज कुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं आहे: डॉक्टर अपंगत्वाची टक्केवारी लिहितात, तेवढ्यावर थांबू नका, त्या माणसाची कमावण्याची ताकद किती गेली ते पाहा. मात्र तो खटला मोटार अपघाताचा. आमच्या पाडेल्याला स्कूटरने ठोकरलं असतं तर हा न्याय मागायला मोटार अपघात दावे न्यायाधिकरण होतं, विमा कंपनी होती. माडावरून पडलेल्याला काय? आज या भाटात, उद्या त्या भाटात, मालक रोज वेगळा. मागायचं कुणाकडे?

आणि मोटार अपघातात तरी आपले लोक मागतात का? माझा आतेभाऊ कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला. उसगावला त्याच्या दुचाकीला टेम्पोने उडवलं, पायाचं हाड दोन जागी मोडलं. तिसऱ्या दिवशी टेम्पोचा मालक गावातल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन इस्पितळात आला. वीस हजार रुपये आणि लिहून आणलेला कागद, ‘माझी काही तक्रार नाही’ असा. आत्येलाही वाटलं, ड्रायव्हर बिचारा पोटासाठी गाडी चालवतो, त्याला कशाला बुडवायचं? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. भावाने सही केली.

त्यांच्या दयाबुद्धीबद्दल मला आदरच आहे. पण त्या खाटेपाशी उभ्या असलेल्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं की गाडीचा विमा चालू असेल तर भरपाई ड्रायव्हरच्या खिशातून नव्हे, विमा कंपनीकडून येते. थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला तो याचसाठी. १ एप्रिल २०२२ पासून तर मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीमुळे कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मागता येतात. हाड मोडणं ही कायद्याच्या लेखी गंभीर दुखापतच. जास्त नुकसान झालं असेल तर कलम १६६ खाली दावा करायचा, तिथे चूक दाखवावी लागते, आणि १६४ ची रक्कम स्वीकारली की तो दावा संपतो. म्हणून घाईने होकार द्यायचा नाही. त्याच दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली. प्लास्टर निघेपर्यंत निम्मी मुदत सरते. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालेलं आहे, आणि ती जायलाच हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

याच नियमांत एक फार चांगली सोय आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. तो अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. म्हणजे जखमी माणसाने वकील शोधत हिंडण्याआधीच प्रकरण उभं राहू शकतं. बायका, मुलं, अपंग आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, तोही १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. रस्त्यावरच्या जखमींना पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजनाही मे २०२५ पासून आहे. कायदा बराच पुढे गेलाय, तो इस्पितळातल्या खाटेपर्यंत पोचवणारं कुणी नाही.

मी हे लिहिलं की गावचे लोक म्हणतात, तुम्हाला तिथे सगळं मिळतं, बोलायला काय जातं? इथेही सगळं आलबेल नाही. शिडीवरून पडलेल्याला पगाराच्या ८० टक्के मिळतात, पण त्याच ऑफिसात पक्षाघाताचा झटका आलेल्या बाईला नाही, कारण आजार म्हणजे अपघात नव्हे. तिला साधा सरकारी भत्ता, तोही नवऱ्याची कमाई बघून. पाठ दुखावलेल्या वयस्क कामगारांना ‘ही वयोमानाने झालेली झीज आहे’ म्हणून नकार येतो, मग फेरतपासणीसाठी भांडत बसायचं. आणि एसीसीचं संरक्षण घेताना इथल्या लोकांनी दुखापतीबद्दल कोर्टात भरपाई मागण्याचा हक्क जवळजवळ पूर्णपणे सोडला आहे.

हा शेवटचा सौदा गोव्याने कधीही करू नये. रस्ता खणून, दिवा न लावता, फळी न टाकता निघून जाणारा कंत्राटदार आपल्याकडे फक्त कोर्टालाच थोडाफार घाबरतो. खड्ड्यांमुळे मृत्यू झाला तर सहा लाख आणि दुखापतीला पन्नास हजार ते अडीच लाख द्या, असा आदेश ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या यंत्रणांना दिला. त्याच न्यायालयाचं खंडपीठ आपल्या पर्वरीला आहे. कोर्टाचं दार बंद असतं तर हा आदेश आलाच नसता.

मला इथून एकच गोष्ट तिकडे न्यावीशी वाटते: पैसे वेळेवर. पाच वर्षांनी आलेल्या दहा लाखांनी बारावी सोडलेला मुलगा परत वर्गात बसत नाही. त्याला पहिल्या महिन्यात दहा-बारा हजार हवे होते. कायद्यात त्यालाही जागा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १६४-अ दावेदारांना अंतरिम मदत देणारी योजना करण्याचा अधिकार केंद्राला देतं, आपल्या खासदारांनी तिचा पाठपुरावा करावा. माडावरून, छपरावरून, विहिरीत पडलेल्यांसाठी मात्र राज्याने स्वतःचा निधी उभारावा. गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे दीड हजार रुपये घराघरांत दरमहा खात्यावर पोचवणाऱ्या सरकारला यंत्रणा नाही असं म्हणता येणार नाही. पैसा भाड्याच्या गाड्यांवरच्या छोट्या अधिभारातून आणि गाड्यांच्या नोंदणीतून काढता येईल. गोमेकॉच्या अस्थिरोग विभागातून घरी जाणाऱ्याच्या हातात डिस्चार्ज कार्डाबरोबर या निधीचा अर्ज आणि विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता असावा, आणि पहिली रक्कम पंधरा दिवसांत जमा व्हावी. पर्वरीला विधानसभेच्या पुढच्या अधिवेशनात अपघातांवर चर्चा होईलच, तेव्हा रेंट-अ-कारच्या प्रश्नासोबत आमदारांनी हेही विचारावं: गेल्या वर्षी गोव्यात अपघातात जखमी झालेल्यांपैकी किती जणांचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणात पोचला, आणि किती जणांच्या हातात सहा महिन्यांत एक रुपया तरी पडला?