खुलासा: बाळ हर्मीसला झ्यूसने शिक्षा केली नव्हती

सध्या एक बोधकथा फिरते आहे: ग्रीक देव हर्मीसने लहानपणी त्याचा सावत्र भाऊ, देव अपोलो याच्या गाई चोरल्या, देवांचा राजा आणि दोघांचा बाप झ्यूस याने त्याला कडक शिक्षा केली, तात्पर्य, चोरी वाईट. गाई चोरल्या हे खरं. शिक्षेचा भाग मात्र मूळ कथेत नाही.

ही गोष्ट हर्मीसच्या प्राचीन ग्रीक स्तोत्रात सविस्तर येते. पहाटे जन्मलेलं हे बाळ दुपारपर्यंत कासवाच्या पाठीची वीणा करतं आणि संध्याकाळी पन्नास गाई पळवतं. माग लागू नये म्हणून त्यांना उलट्या पावली चालवतं. मग गुपचूप येऊन पाळण्यात दुपट्यात शिरतं. अपोलोने पकडल्यावर म्हणतं, मी तर कालच जन्मलो, माझे पाय अजून कोवळे आहेत! अपोलो उचलून घेतो तेव्हा ते चक्क पादतं आणि शिंकतं. देवाच्या स्तोत्रात हे आहे, आणि मला ते फार लोभस वाटतं.

भांडण झ्यूसपुढे जातं, तेव्हा तो हर्मीसचं धादांत खोटं ऐकून खो-खो हसतो. गाई कुठे लपवल्या ते दाखव आणि समेट करा, एवढंच सांगतो. पुढे वीणेच्या सुरांवर अपोलो भाळतो. हर्मीस ती त्याला देऊन टाकतो आणि बदल्यात गुरं राखण्याचा मान मिळवतो.