'द एग अँड आय' आणि आमची काकू

गेल्या रविवारी काकूला शेजारी बसवून 'द एग अँड आय' पाहिला. १९४७ सालचा, काळापांढरा, अमेरिकन. काकूला इंग्रजी फारसं येत नाही, म्हणून मी मध्येमध्ये सांगत होते. पण वीसेक मिनिटांनी तिला माझी गरजच उरली नाही. पडद्यावरची बाई चुलीशी झटत होती, आणि ते कुठल्याही भाषेत कळतं.

गोष्ट साधी आहे. बॉब युद्धावरून परत आलाय. लग्नाच्या रात्रीच तो बायकोला सांगतो की मी नोकरी सोडली, कोंबड्या पाळायला शेत घेतलंय आणि आपण तिथे राहायला जायचंय. बेटी जाते. घर मोडकळीला आलेलं, छप्पर गळतंय, क्लिओपात्रा नावाची डुकरीण तिला चिखलात लोळवते. बॉब झालाय फ्रेड मॅकमरे आणि बेटी क्लॉडेट कोल्बेर. कोल्बेरने जे केलंय त्याला तोड नाही. ती रडकुंडीला येऊन हसवत नाही. प्रत्येक वेळी आधी तिच्या चेहऱ्यावर 'जमेल मला' असं येतं, मग ते जमत नाही, मग ती पुन्हा पदर खोचते. आपण हसतो ते त्या पुन्हापुन्हा खोचलेल्या पदराला.

काकू मात्र हसता हसता एकदम म्हणाली, "हिला कुणी विचारलं होतं का गं?"

काकू गिरगावच्या चाळीतली. काका गिरणीच्या ऑफिसात होते. १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा त्यांच्या लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. संप मिटेना. एके दिवशी काका घरी आले ते ठरवूनच आले, गावी जाऊन पोल्ट्री टाकायची. दोनशे पिल्लं आणली. गावात विजेचा भरवसा नाही, म्हणून रात्री पिल्लांना ऊब द्यायला शेगडी. जागायचं कुणी? काकूने. पिल्लं निखाऱ्यापासून लांब कडेला पांगली की समजायचं उष्णता जास्त झाली, आणि मधोमध ढीग करून चिवचिवाट करायला लागली की समजायचं गारठलीत. त्या ढिगात खालची गुदमरून मरतात, म्हणून हात घालून ती पुन्हा पुन्हा विस्कटायची. एका रात्री तिला डुलकी लागली आणि सकाळी चाळीसच्या वर पिल्लं टोपलीत भरून टाकावी लागली. हे सगळं ती इतकं रंगवून सांगते की आमच्या घरात दर दिवाळीला तिच्याकडून ते ऐकायचंच असतं. आम्ही पोट धरधरून हसतो. आणि मग कुणीतरी म्हणतंच, 'काकूने काय मजेत दिवस काढले!'

मला या 'मजेत'बद्दलच बोलायचंय. सिनेमा ज्या पुस्तकावरून आला त्याच्या बाबतीतही नेमकं हेच झालं. बेटी मॅकडोनाल्डने ते १९४५ साली लिहिलं, आणि वर्षाच्या आत त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. त्यातलं शेत खरं होतं, वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिक द्वीपकल्पावर, चिमॅकम गावाजवळ. वीज नाही, नळ नाही. १९२७ साली विशीत लग्न करून ती तिथे गेली. आणि १९३१ साली दोन लहान मुली घेऊन ती तिथून निघाली ती परत गेली नाही. पुढे घटस्फोट झाला. मग क्षयरोग, सॅनेटोरियममधले कित्येक महिने, दुसरं लग्न. पुस्तक आलं ते एवढं सगळं झाल्यावर. म्हणजे ते हसू शेतावर राहणाऱ्या बाईचं नव्हतंच, ते शेत सोडून आलेल्या बाईचं होतं. तिथून बाहेर पडली म्हणून तिला हसता आलं.

सिनेमाने हेच पुसून टाकलं. तिथे बेटी रागावून माहेरी जाते खरी, पण बाळाला घेऊन परत येते आणि सगळं गोड होतं. सिनेमावाल्यांना तेव्हा गोड शेवटच हवा असणार, हे मला कळतं. तरी राग येतो तो येतोच. एका बाईने जिवावर उदार होऊन सोडलेलं घर तिच्याच नावाने पुन्हा तिच्या गळ्यात बांधलं.

आणखी एक गोष्ट खटकली, ती सांगायलाच हवी. तिथले मूळचे आदिवासी सिनेमात फक्त हसण्यापुरते येतात, आणि पुस्तकात तर बेटीने त्यांच्याबद्दल सरळ तुच्छतेने लिहिलंय. स्वतःला कुणी विचारलं नाही हे जिला इतकं लागलं, तिलाही शेजाऱ्यांकडे माणूस म्हणून बघता आलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

शेजारची मा केटल मात्र बघाच. मार्जोरी मेनला या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, आणि प्रेक्षकांना हे केटल जोडपं इतकं आवडलं की १९४९ पासून त्यांच्यावर सिनेमांची अख्खी मालिका निघाली. पोरांचं लेंढार, घरभर पसारा, आणि त्यातून वाट काढत येणारा तिचा तो खणखणीत आवाज. काकूने तिला बघताच गावातल्या एका आजीचं नाव घेतलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पहिल्या पावसाळ्यात ओली लाकडं कशी पेटवायची हे त्या आजीनेच तिला शिकवलं होतं म्हणे. हे मला आजवर माहीत नव्हतं. दिवाळीच्या गोष्टींत ही आजी कधीच आली नव्हती.

शेवटी बेटी परतते तेव्हा बॉबने शेजारचं आधुनिक, सगळ्या सोयींचं शेत विकत घेऊन ठेवलेलं असतं, तिला आश्चर्याचा धक्का द्यायला. बेटी हरखते, संगीत चढतं. मी काकूकडे पाहिलं. ती चष्मा पुसत होती.

"हेही न विचारताच घेतलंन वाटतं," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली. मी तिला खाली बसवलं आणि चहा मी केला.