यू-फॅक्टर कमी, म्हणजे खिडकी चांगलीच?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींत एक मेसेज फिरतोय: ‘नव्या खिडक्या घेताना फक्त यू-फॅक्टर बघा, जितका कमी तितकं उत्तम.’ हे अर्धंच खरं आहे. यू-फॅक्टर कमी म्हणजे घरातली ऊब कमी निसटते; मिनिॲपोलिसच्या थंडीत तोच आधी बघावा. ह्यूस्टनमध्ये मात्र पश्चिमेच्या खिडकीतून येणारं दुपारचं ऊन घर तापवतं, आणि ते कळतं एसएचजीसीवरून, म्हणजे उन्हाची किती उष्णता खिडकीतून आत येते ते सांगणाऱ्या आकड्यावरून. एनर्जी स्टार या अमेरिकी सरकारच्या ऊर्जाबचत प्रमाणपत्राच्या २०२३ पासूनच्या निकषांत दक्षिण विभागात हा आकडा ०.२३ पेक्षा जास्त चालत नाही. शिवाय काही विक्रेते नुसत्या काचेच्या मध्यभागाचा यू-फॅक्टर सांगतात, तो बहुधा जास्त चांगला दिसतो. एनएफआरसी या खिडक्यांचं मानांकन करणाऱ्या संस्थेच्या लेबलवरचा आकडा चौकटीसकट अख्ख्या खिडकीचा असतो. कृपया तोच मागा, आणि लेबल काढण्याआधी त्याचा फोटो घेऊन ठेवा.