प्लगच्या होलमधलं ऑइल 'खाली जळून जाईल' म्हणे!

'प्लगच्या होलमध्ये ऑइल दिसलं म्हणजे रिंगा गेल्या. सध्या प्लग काढा, ऑइल खाली जाऊन जळेल. वरून पेट्रोल मारून धुवा, नवा प्लग गच्च आवळा. गाडी चालते तोवर चिंता नको.' गाडीच्या स्पार्क प्लगबद्दलचा हा मेसेज काकांनीही पाठवला, वर 'करून बघ'. काका, अजिबात करू नका.

रिंगांचा, म्हणजे पिस्टनवरच्या कड्यांचा, इथे संबंध नाही. प्लग ज्या खोल नळीच्या तळाशी बसतो, त्या होलमधलं ऑइल टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून किंवा प्लग ट्यूबच्या कडक झालेल्या सीलमधून येतं. रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले असते, तर प्लगचं खालचं टोक, इलेक्ट्रोड, ऑइलने माखलेलं दिसलं असतं.

सगळ्यात घातक सल्ला 'आधी प्लग काढा'. प्लग हेच त्या होलचं बूच आहे. ते काढलं की ऑइलसोबत तळाची माती, कचही सिलिंडरमध्ये उतरते आणि बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चरे पाडते. ऑइल जास्त असेल तर पिस्टन वर येताना त्याला दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून इंजिन थंड असताना फक्त कॉइल (प्लगवर बसणारी, त्याला वीज देणारी) काढा, प्लग जागेवरच ठेवा. सिरिंजला बारीक नळी लावून ऑइल ओढा, उरलेलं धागे न सुटणाऱ्या फडक्याने टिपा. क्लोरीन नसलेला ब्रेक क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा. मग डोळ्यांना चष्मा लावून हवा मारा. प्लग एक फेरा सैल करून पुन्हा हवा, आणि मगच प्लग बाहेर.

पेट्रोलचं काय सांगायचं! गरम इंजिनवर त्याची वाफ पेटायला एक ठिणगी पुरते.

'गच्च आवळा' हेही चूक. प्लग बनवणाऱ्या एनजीके कंपनीच्या तक्त्यात ॲल्युमिनियम हेडमधल्या (इंजिनाच्या वरच्या भागातल्या) १४ मिमीच्या वॉशरवाल्या प्लगला २५ ते ३० न्यूटन मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) दिलाय, तोही कोरड्या आट्यांसाठी. ऑइल लागलेल्या आट्यांवर तेवढाच टॉर्क दिला तरी प्लग जास्त ताणला जातो, आणि हेडचे आटे गेले की खर्च वेगळाच.

गाडी चालते, हे मात्र खरं. काही दिवस चालेलही. पण ऑइलने कॉइलचा रबरी बूट फुगतो, मऊ पडतो, ठिणगी बाजूने निसटते आणि गाडी मिसिंग करू लागते, म्हणजे झटके खात चालते. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो तापतो. फुगलेला बूट पुसून परत बसवू नका, बदला.

आणि गळती न थांबवता होल कितीही चकचकीत केलं तरी ते पुन्हा भरणारच. पॅकिंग आणि ट्यूब सील एकदमच बदला. काही इंजिनांत ही सीलं कव्हरमध्येच बसवलेली असतात, तिथे अख्खं कव्हर घ्यावं लागतं. कव्हरचे बोल्ट मधल्यापासून कडेकडे, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. जोर लावलात तर नवं पॅकिंगही चेपून गळेल.