पत्रिकेतला कर्ब आणि मामाची बरणी

नमस्कार भाऊ,

उत्तराला आठवडा लागला. मध्ये मामाच्या शेतावर जाऊन आलो, कारण नुसत्या शब्दांनी तुमचं समाधान झालं नसतं.

मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रुळांलगतच्या भातशेतात मालगाड्यांतल्या कोळशाची धूळ बसते आणि माती बिघडते, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता: कोळसा म्हणजे कर्बच (कार्बन), आणि तो मातीला हवाच असतो, अॅमेझॉनच्या खोऱ्यात तर लोक मातीत कोळसा घालत आले, तुमच्या मृदा आरोग्य पत्रिकेत (माती तपासणीच्या सरकारी कार्डात) सेंद्रिय कर्ब ‘जास्त’ आलाय, आणि गोव्यातली शेतं पडीक राहिली ती पोरं चिखलात उतरत नाहीत म्हणून.

शेवटचं मान्य. ‘धुळीने शेतं ओस पडली’ हे वाक्य चढंच झालं, मागे घेतो. डिचोलीकडच्या खाणींचा गाळही मी त्याच लेखात घुसडला होता. तो तांबडा, लोखंडाचा. कोळशाशी त्याचं काही नातं नाही.

कोळशाचं मात्र सोडत नाही. लोणारी कोळसा वेगळा आणि दगडी कोळसा वेगळा, हे आपल्या आज्यांना चुलीपाशीच ठाऊक होतं. अॅमेझॉनच्या काळ्या मातीत गेला तो लाकडाचा, अर्धवट जळलेला, भोकाभोकांचा. शिवाय सोबत हाडं, राख, घरातला केरकचरा. त्या भोकांत पाणी आणि खत धरून राहतं. मुरगाव बंदरात उतरून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो तो दगडी, कोट्यवधी वर्षं दाबला गेलेला. मातीतले जिवाणू त्याला सहसा तोंड लावत नाहीत. शेणखत कुजतं म्हणून त्यातला नत्र भाताला मिळतो. जे कुजतच नाही ते पिकाला काय देणार?

आता तुमची पत्रिका. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण सेंद्रिय कर्ब मोजण्याची आपल्याकडची नेहमीची रीत वॉकली-ब्लॅकची, १९३४ सालची. मातीत पोटॅशियम डायक्रोमेट हे रसायन आणि गंधकाम्ल घालायचं, आणि कर्ब जाळताना किती डायक्रोमेट खर्ची पडलं ते पाहायचं. कर्ब शेणाचा की मालगाडीच्या वाघिणीतल्या कोळशाचा, हे त्या द्रावणाला कळत नाही. दगडी कोळशाचाही काही भाग त्यात जळतो आणि आकड्यात मिळून जातो. (खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, खाऱ्या मातीत तर मिठातलं क्लोराइडही डायक्रोमेट खातं. काळजी घेतली नाही तर मिठामुळेच कर्ब वाढलेला दिसतो!)

आकडा ०.७५ टक्क्यांच्या वर गेला की ‘जास्त’. पुष्कळदा नत्राचा अंदाज याच आकड्यावरून बांधतात आणि युरिया कमी करायला सांगतात. मामाने गेल्या सरदीला (पावसाळी भाताला) तेच केलं. रुळांकडचे दोन कोपरे पिवळे पडले, वरच्या मेरेकडचं भात हिरवंगार राहिलं. कोळशामुळेच झालं असं छातीठोक म्हणत नाही, पाणीही तिथे तुंबतं. पण शंका तिथूनच आली.

म्हणून या खेपेला लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या घेऊन गेलो. एकीत रुळांकडची मूठभर माती, दुसरीत वरच्या मेरेची. पाणी भरून खूप हलवलं आणि ओट्यावर ठेवलं. वाळू लगेच तळाला बसली. पहिल्या बरणीत तिच्यावर सुतळीएवढी काळी रेघ उमटली, कारण कोळसा वाळूच्या निम्म्या वजनाचा, तो मागाहून खाली येतो. दुसरीत रेघच नाही. काळं आधी कुजक्या पेंढ्याचं वाटलं. चमच्याने उचलून वर्तमानपत्रावर वाळवलं आणि नखाने चिरडलं. पेंढा असता तर मऊ पडला असता. हे करकरलं, आणि उन्हात चकाकलं. मामी म्हणाली, “ही बरणी आता लोणच्याला नको.”

तेव्हा एक करा. पत्रिकेसाठी नमुना शेताच्या कुठल्या भागातून घेतला होता आणि तिथून रूळ किती पावलांवर, ते लिहा. बरणीही करून पाहा, फोटो पाठवा. तुमच्या बरणीत काळी रेघ नसेल तर तुमचा ‘जास्त’ बहुधा शेणखताचाच, आणि मी पुढच्या लेखात तसं लिहीन.